नाहीची खूण

माझ्या बापानं मला फसवलं. बाजारात कुणी परक्यानं फसवलं असतं तर एवढ्या वर्षांत मी ते विसरले असते. बाजारात माणूस फसतो आणि फसवतो, आणि मी स्वतःही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण त्यानं मला घरात फसवलं, खाटेवर उताणं पडून, मायच्या हातचा चहा पीत पीत, समोर माझ्याच फोनात केरळातला हिरव्या तोंडाचा माणूस नाचत असताना. राग मला लवकर येतो हे मिटमिट्यापासून छावणीतल्या शेळ्यांच्या बाजारापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि माझं नाव शीतल ठेवणाऱ्याचा अंदाज साफ चुकला असं माझ्या तोंडावर म्हणणारेही आहेत. या गोष्टीचा राग मात्र केव्हाच निवला. प्रश्न तेवढा तसाच राहिला, आणि मध्यंतरी असं काही घडलं की तो मला लिहून ठेवावासा वाटला.

आमचं घर मिटमिट्याच्या पुढं, वेरूळकडं जाणाऱ्या रस्त्यावरून आत, डोंगराच्या अंगाला. विटांच्या तीन खोल्या, वर पत्रा, आणि या तीन खोल्यांहून मोठा शेळ्यांचा गोठा. माझा आजा मेंढरांमागं फिरला. आबानं, म्हणजे माझ्या वडलांनी, मेंढरं मोडून शेळ्या ठेवल्या आणि बाजारात दलाली धरली. दुपारी आमच्या घरात एकच आवाज असायचा, शेळ्यांच्या रवंथीचा. सगळ्या मिळून चावत असल्या की पत्र्यावर बारीक पाऊस पडतोय असं वाटायचं. मध्येच रस्त्यावरून वेरूळला निघालेल्या गाड्यांचे भोंगे. पाहुणा आला आणि दचकून वर बघायला लागला की माय म्हणायची, "बसा, पाऊस नाय, शेरडं हायेत." जेवायला बाजरीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी, कांदा. चहा शेळीच्या दुधाचा. त्या दुधाला वास येतो असं शहरातले म्हणतात. आम्हाला गाईच्या दुधाच्या चहाला काहीच चव नसते असं वाटायचं, मला अजून वाटतं.

आबाचा धंदा तोंडाचा नव्हता, हाताचा होता. बाजारात घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, दलाल मध्ये. दलाल खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकतो आणि त्या रुमालाखाली एकेकाचा हात धरतो. भाव कुणी बोलत नाही. एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच, बोटाचं मधलं पेर दाबलं की अर्धा. चारी बाजूंनी माणसं उभी असतात आणि त्यांना फक्त कापड हलताना दिसतं. सौदा मान्य असेल त्याची एक खूण, अमान्य असेल त्याची एक. हात मधेच ओढून घ्यायचा नाही. तो समोरच्याचा अपमान, आणि असा अपमान करणाऱ्याच्या हाताला नंतर कुणी हात लावत नाही. एकदा खूण दिली की तोंडानं ती मोडता येत नाही. आबा सकाळी बाजाराला जायचा आणि संध्याकाळी आला की घरात मोठमोठ्यानं बोलत राहायचा. दिवसभराचा आवाज शिल्लक राहिलेला असायचा. बायका या रुमालाखाली हात घालत नव्हत्या. तसा नियम कुणी लिहिलेला नव्हता, पण कुणाला तो विचारावाही लागत नव्हता.

माझी बारावी झाली त्या उन्हाळ्यात टेम्पोचा मागचा फाळका निसटून आबाच्या पायावर पडला. मांडीत सळई घातली आणि डॉक्टरांनी दिवाळीपर्यंत खाट सोडू नका असं सांगितलं. ज्या माणसाचे हात आठवडाभर गावोगावच्या बाजारांत असायचे त्याला ते पोटावर ठेवून पडायला लावलं होतं. तो चिडचिड करायचा. आमटी खारट, पत्रा तापला, शेरडं आज काहून ओरडतात. शेवटी माय मला म्हणाली, "त्यो तुझा फोन दे बाई त्यांना. न्हायतर मी माह्यरी जाते." फोन माझा होता. गोठ्यातलं लेंडीखत शहरातल्या नर्सरीवाल्यांना विकून मी तो घेतला होता, आणि नर्सरीवाला भाव पाडायला लागला की मी पोतं परत टेम्पोत टाकायला सांगायची. त्याच सुमाराला नेट स्वस्त झालं होतं. तोवर गाणं ऐकताना सुद्धा जीव वर-खाली व्हायचा. आता दिवसभर बघितलं तरी संपत नव्हतं.

आधी आबानं कुस्त्या बघितल्या. मग भारूड, मग कव्वाल्या. आपण फोनवर मोठ्यानं 'वा' म्हटलेलं गाणाऱ्याला ऐकू जात नाही हे त्याला पटत नव्हतं. एक दिवस बोट चुकून भलतीकडं लागलं आणि फोनात तो हिरव्या तोंडाचा माणूस आला. डोक्यावर केवढा तरी मुकुट, कमरेला घेरदार झगा, मागं दोन माणसं गाताहेत आणि एक जण ढोलासारखं काहीतरी बडवतोय. समोर एक बाई उभी. हा तोंडानं काही बोलत नव्हता. डोळे गरगर फिरवत होता आणि हात हलवत होता. मी पुढं सरकवायला गेले तर आबानं माझं मनगट धरलं.

"थांब. ह्यो सौदा करून ऱ्हायला."

"आबा, नाच हाय त्यो. कथकली."

"नाच असंल. पन हात बघ ना. तीन म्हनतो. आता तीनावर अर्धा." आबा उशीवरून अर्धा उठला. "आन् ती बाई बघ, ती नाय म्हनती. लई पक्की हाय. रुमाल काहून घेतला नाय यांनी? समद्या गावाला भाव दिसून ऱ्हायला."

माय भाकरी थापत होती. ती तशीच पिठाच्या हातानं आली आणि बघत उभी राहिली. "काय इकायलाय त्यो?" तिनं विचारलं.

"काय म्हाईत. पन मोठा माल दिसतोय. डोळे बघ कसे करतो. हत्तीबित्ती असंल."

त्या दिवसापासून दुपारची जेवणं झाली की फोन डाळीच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि आम्ही तिघं बघत बसायचं, असा परिपाठ पडला. आबा कथकलीचा भाव सांगायचा. राजा जंगलात बायकोला सोडून जात असावा अशा जागी आबाचा राजा दोन बोकडांवर अडून बसलेला असायचा, आणि ती रडायला लागली की आबा म्हणायचा, "रडू नको बाई, आन् थोडं उतर, देतो त्यो." माय हसून हसून पदरानं डोळे पुसायची. मायची आवड वेगळी होती. बंगालमधल्या बाया चित्रांची लांब गुंडाळी हळूहळू उलगडत गाणं म्हणतात, ते तिला फार आवडायचं. भाषा कळत नव्हती, तरी पुढचं चित्र यायच्या आधी ती श्वास धरून बसायची. आणि एकदा आम्ही फोनात वेरूळ बघितलं. ज्या डोंगराच्या पलीकडं वेरूळ आहे तो डोंगर आमच्या दारातून दिसतो, आबाच्या शेळ्या तिकडच्या उतारावर चरल्या, पण लेण्यात आमच्यातलं कुणी आत गेलेलं नव्हतं. कॅमेरा एकेका मूर्तीवरून सावकाश फिरत होता. कितीतरी मूर्तींचे हात कोपरापासून तुटलेले. आबानं तशा एका हातावर बोट ठेवून चित्र थांबवलं. मग म्हणाला, "सौदा मधीच राह्यला ह्यांचा."

नंतर मी या मुद्रांचे खरे अर्थ शोधून वाचले. कमळ, भुंगा, विरह, काय काय. आबानं सांगितलेला एकही जुळला नाही. आताही मी कथकली लावते, मोठ्या टीव्हीवर लावते, पण खरा अर्थ माहीत असूनही मला आबाचाच आधी दिसतो. बघायचं कसं हे मला त्या दुपारींनी शिकवलं, हे मी मान्य करते. मान्य करण्यात माझं काही जात नाही.

त्याच दुपारींत मी आबाला म्हणाले, "मला बी शिकवा ह्ये रुमालाचं." घरात दलाली थांबली होती, आणि देवगाव रंगारीचं एक स्थळ मामा सारखं लावून धरत होता. आबाच्या जागी बाजारात मी उभी राहिले तर घर चालणार होतं आणि स्थळही मागं पडणार होतं. हे तिघांनाही कळत होतं. आबानं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. खांद्याजवळचा रुमाल ओढून माझ्या हातावर टाकला.

तो चांगला शिकवायचा. फोनात नाच चालू ठेवायचा आणि रुमालाखाली माझी बोटं धरायचा. मी डोळे फोनावर ठेवायचे आणि बोटांनी ओळखायचं. चुकलं की तो पेर जोरात दाबायचा. "बोट ऐकतं, डोळं न्हाई," असं म्हणायचा. त्याचे हात खरखरीत होते पण खूण अगदी हलकी द्यायचा, शेळीच्या कानाला हात लावावा तशी. अंक झाले, अर्धे झाले, शेकडा आणि हजार झाले. शेवटी मान्य आणि अमान्य. माझ्या तळहाताच्या मधोमध त्यानं अंगठा दाबला. "ह्ये नाय," तो म्हणाला. मग एक बोट तळहातावरून मनगटाकडं ओढलं. "ह्ये व्हय." मी विचारलं, दाबलं की नाही? "दाबलं की नाय." पुन्हा विचारलं, मला पक्कं करून घ्यायची सवय आहे. त्यानं पुन्हा अंगठा दाबला, त्याच जागी, तसाच हलका. त्याचे डोळे फोनावर होते. फोनातली बाई कुणाला तरी परत जा म्हणून हातानं लोटत होती.

छावणीच्या बाजारात मी गेले तो गुरुवार होता. माझी स्वतःची एक शेळी होती, काजळी. ती करडू असताना तिची आई मेली आणि मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. आमच्या चहाचं दूध तिचंच. तिची दोन बोकडं विकायला काढली होती, पण ती पुढं असल्याशिवाय बोकडं टेम्पोत चढेनात, म्हणून तीही सोबत आली. माय म्हणाली, "तिला नको बाई दावूस जास्त, नजर हाय तिच्यावर सगळ्यांची." मी निघताना आबानं खाटेवरूनच आपला रुमाल माझ्या खांद्यावर टाकला. 

बाजारात आधी कुणी माझ्याजवळ येईना. बोकडांचे दात बघायचे, माझ्याकडं बघायचे आणि विचारायचे, "बाप कुठंय?" मी म्हणायची, "खाटंवर. माल इथं हाय." शेवटी खुलताबादचे व्यापारी लतीफचाचा आले. पांढरी दाढी, आबाचे जुने सोबती, माझ्या जन्माची मिठाई खाल्लेले. आजूबाजूला घोळका झाला होता.

"तेरा बाप लंगडा हुआ तो तू आगई?" ते म्हणाले. "रुमाल का हिसाब आता?"

"आता चाचा."

"हौ? तो ला हात."

दोन्ही बोकडांचा सौदा नीट झाला. त्यांनी बोट धरलं, मी धरलं, त्यांनी पेर दाबलं, मी वर गेले, ते थोडं आले, मी थोडी उतरले. तीन-चार वेळा वर-खाली करून भाव माझ्या मनासारखा झाला तेव्हा मी बोट मनगटाकडं ओढलं. चाचांनी भुवया उंचावल्या आणि हात तसाच धरून ठेवला. मग माझ्याच भावावर आणखी एक बोट चढवलं. मला वाटलं म्हातारा खूश आहे. मी पुन्हा मनगटाकडं ओढलं आणि खुशीत मान डोलावली, त्यांनी हसून अंगठा दाबला, आणि मला क्षणभर कळेना की भाव ठरल्यावर हे नाही का म्हणताहेत. तेवढ्यात ते म्हणाले, "चल, हो गया. बापसे सख्त है तू." बोकडांची दोरी त्यांच्या माणसानं घेतली. मी तिथंच थांबायला हवं होतं. पण चाचांनी रुमालाखाली पुन्हा हात पुढं केला आणि मानेनं काजळीकडं खूण केली.

मला ती विकायची नव्हती. त्यांनी भाव सांगितला, चांगला होता. मी त्यांच्या तळहातावर अंगठा दाबला. नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं. मला वाटलं त्यांना कळलं नाही, म्हणून मी पुन्हा दाबला, जोरात. त्यांनी रुमाल उचलला, मोकळा हात छातीला लावला आणि म्हणाले, "मुबारक बेटा. ये भी हो गया."

"मी नाय म्हनले," मी ओरडले.

"नै कहां बोली? दो बार हां बोली. हात ने हां बोला."

घोळका हसला. कुणीतरी म्हणालं, "बारावी पास हाय म्हनं, मराठी मीडियम का इंग्लिश?" पुन्हा हसले. काजळीचा दोर चाचांच्या माणसाच्या हातात गेला होता आणि ती मागं वळून ओरडत होती. चाचा जवळ आले. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "ये किसने सिखाया तेरेकू? अंगूठा नै?"

"आबानं."

त्यांचा चेहरा बदलला. घोळक्याकडं वळून ते एकच शब्द बोलले, "बस." हसणं थांबलं. मग मला म्हणाले, "बकरी लेके जा. मै कुछ नै सुना." मी काजळीकडं बघितलं. तिला परत नेलं असतं तर त्या दिवसापासून माझ्या हाताची किंमत उरली नसती. मी कायमची ती पोरगी झाले असते जिला चाचांनी दया करून सोडलं. "दिली ती दिली," मी म्हणाले. राग आला की मला रडू येत नाही, याचा मला त्या दिवशी उपयोग झाला.

घरी आले तेव्हा फोनात बंगालची गुंडाळी चालू होती. आबानं बाजाराचं काही विचारलं नाही. मायनं दारात माझ्या मागं बघितलं, टेम्पो रिकामा होता. संध्याकाळी चहा आला तो बिनदुधाचा. "आज कोरा काहून?" आबानं विचारलं. माय म्हणाली, "दूध खुलताबादला गेलं." मग मी खाटेजवळ उभी राहिले आणि म्हणाले, "खूण उलटी शिकवली तुमी."

"विसरलो असंन."

"रोज करता ती खूण विसरले?"

"पाय मोडला की डोस्कं बी हालतं मानसाचं," तो म्हणाला आणि फोनाचा आवाज वाढवला.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले. चाचांनी चहाच्या टपरीमागं उभं राहून माझा हात धरला आणि नीट शिकवलं. मनगटाकडं ओढलं की नाही, मधोमध दाबलं की हो. देवगाव रंगारीचं स्थळ वाट बघून दुसरीकडं गेलं. आज या भागातल्या कुठल्याही शेळ्यांच्या बाजारात माझ्या नावावर माल उतरतो, आणि माझ्याशी घासाघीस करायला माणसं घरून पाणी पिऊन येतात. आबा चालायला लागला, थोडा लंगडतो, पण बाजारात पुन्हा आला नाही. पाय दुखतो म्हणाला. मी त्याच्यासाठी भिंतीवर मोठा टीव्ही लावला. तो दिवसभर बघतो. मणिपूरचं, ओडिशाचं, जपानमधला लाकडी बाहुल्यांचा खेळ. हातांचं काहीही असलं की मला हाक मारतो, आणि मी हातातलं काम टाकून जाते. ते आम्हा दोघांनाही आवडतं, आणि त्याबद्दल आम्ही दोघंही बोलत नाही. त्या खुणेचा विषय मी पुन्हा काढला नाही. विसरला असेल, असं मी स्वतःला पटवून घेतलं होतं. दवाखान्याच्या गोळ्या, ताप, वय. माणूस विसरू शकतो.

मध्यंतरी शहरातली दोन मुलं आली. जुन्या रीतींचे व्हिडिओ करतात. आता बाजारात रुमाल फारसा निघत नाही, भाव फोनवरच ठरतात, म्हणून त्यांना आबाकडून ती भाषा टिपून घ्यायची होती. मी त्या दिवशी बाहेरगावी होते. व्हिडिओ नेटवर आला तेव्हा मायनं मला टीव्हीसमोर बसवलं. आबा नवा फेटा बांधून खाटेवर बसला होता. त्यांतला एक मुलगा विचारतो, ही कला पुढं कुणाला दिली? आबा म्हणतो, "माझ्या पोरीला. ह्याच खाटंवर पडून समदं शिकवलं तिला, फोनवर नाच बघत बघत." खाली लोकांनी किती किती लिहिलं होतं. असा बाप हवा. डोळ्यांत पाणी आलं. मग तो मुलगा आपला हात पुढं करतो आणि म्हणतो, काका, 'हो' कसं म्हणायचं, 'नाही' कसं? आबा त्याचा तळहात उघडा करतो. मधोमध अंगठा दाबतो. "ह्ये व्हय." मग एक बोट मनगटाकडं ओढतो. "ह्ये नाय." न थांबता, न आठवता, अगदी हलक्या हातानं.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा मागं घेऊन बघितला. माझ्या शेजारी आबाही बघत होता. मायनं भाजी निवडायला घेतली होती, तिचे हात थांबले होते.

दिवसाला दहा जणांना बेधडक नाही म्हणणारा माणूस. त्याला मला नाही म्हणायचं होतं, तर म्हणायचं. मी भांडले असते, आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते, आणि ते त्यानं ऐकून घेतलं असतं. तेवढं करण्याऐवजी त्यानं मला सगळी भाषा खरी शिकवली आणि 'नाही' तेवढं खोटं शिकवलं. मी बाजारातून तोंड काळं करून घरी परत यावं म्हणून शिकवलं. काजळीचा दोर हातातून जाईल हे त्याला माहीत नव्हतं, असं मी धरून चालते. बाकीचं त्याला माहीत होतं.

हे लिहीत असताना टीव्हीवर कथकली चालू आहे, आवाज मी बंद केलाय. आबा खाटेवर आहे. मी त्याचाच जुना रुमाल आमच्या दोघांच्या मध्ये टाकलाय आणि त्याखाली माझा हात ठेवलाय. तोंडानं उत्तर नको, तोंडानं तुम्ही 'विसरलो असंन' म्हणता. आबा, तुम्हाला मला बाजारात जाऊ द्यायचं नव्हतं, हे खरं की नाही? मधोमध दाबा नाहीतर मनगटाकडं ओढा, दोन्ही खुणा मला आता नीट येतात. हात मी मधेच काढून घेणार नाही. पण खूण द्या.